दिवेवाल्याच्या शिडीची कैफियत

लालबागच्या एका चाळीच्या मागे, जिथे बायका गोधड्या वाळत घालतात, तिथे एक बांबूची शिडी आडवी पडलेली तुम्ही पाहिली असेल. मित्रांनो, ती मी. तुमच्यातली काही मुले माझ्यावर बसून चिंचोके खेळतात. खुशाल खेळा. पण माझ्या पायऱ्या अशा वेड्यावाकड्या का झिजल्या, हे अजून कोणी मला विचारलेले नाही. आज मीच सांगते. गोष्ट गोड नाही. गोड गोष्ट हवी असेल त्याने आत्ताच घरी जावे.

माझे बांबू कारवारकडच्या रानातले. गलबतात पडून ते मुंबईला आले आणि रे रोडजवळच्या एका लाकडाच्या वखारीत उतरले. तिथल्या म्हाताऱ्या सुताराने त्यांतले दोन सरळ निवडले, विस्तवावर शेकले, सागाच्या पायऱ्या ठोकल्या आणि टोकांना लोखंडी कडी चढवली. काम झाल्यावर तो प्रत्येक पायरीवर स्वतः उभा राहिला आणि तिथल्या तिथे उडी मारून पाहिली. शेजारचा माणूस हसला. सुतार म्हणाला, "हिच्यावर कोणाचा तरी जीव उभा राहणार आहे. मग आधी माझा राहू दे."

मला विकत घेतले दिव्यांच्या ठेकेदाराने. त्या दिवसांत लालबागपासून परळपर्यंतच्या गल्ल्यांत घासलेटचे कंदील होते. प्रत्येक खांबावर काचेचे घर आणि आत दिवा. दुपारी काचांवरची काजळी पुसायची, वाती कातरायच्या, तेल भरायचे. दिवस मावळताना दिवे लावायचे आणि उजाडताना विझवायचे. एवढ्यासाठी एक माणूस, एक तेलाचा डबा आणि एक शिडी. माझ्या वाट्याला आलेला माणूस होता धोंडू.

धोंडू मालवणकडच्या गावचा. अंगाने सडपातळ आणि पायाने हरणासारखा. मला खांद्यावर टाकून तो एका खांबाकडून दुसऱ्याकडे पळत जाई. मी खांबाला टेकते न टेकते तोच त्याचे उजवे पाऊल माझ्यावर पडलेले असे. त्याच्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट पायरीला चिमट्यासारखे धरीत. शिडीला माणसाचे तोंड दिसत नाही, मित्रांनो. तिला त्याचे पाय कळतात. धोंडू आज आनंदात आहे की बायकोशी भांडून आला आहे, हे मला त्याच्या टाचेवरून समजे.

गिरणी सुटून येणाऱ्या बायका त्याला पाहून पावले उचलीत, कारण धोंडू कोपऱ्यावर आला म्हणजे आता अंधार पडणार. मुकादम नव्या दिवेवाल्यांना सांगे, "धोंडूची फेरी बघा. असे काम पाहिजे." मलाही वाटे की हे कौतुक थोडे माझेही आहे. ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. फार टिकले नाहीत.

एका दुपारी परळच्या रस्त्यावर धोंडू काचा पुसत होता. पुसून खाली आला. एक पाऊल माझ्या शेवटच्या पायरीवर होते आणि उजवे जमिनीवर. तेवढ्यात जवळच्या गिरणीचा भोंगा झाला. रस्त्याने कापसाच्या गासड्या भरलेला बैलगाडा येत होता. एक बैल नवखा होता. तो भोंग्याला बुजला आणि गाडा खांबाकडे खेचून घेऊन आला. धोंडूने मला बाजूला ढकलले, पण स्वतःला बाजूला व्हायला त्याला वेळ मिळाला नाही. लोखंडी धावेचे चाक त्याच्या उजव्या पावलावरून गेले.

तो ओरडला नाही. मी रस्त्यावर पडले होते आणि तो माझ्या शेजारी. त्याने माझी एक पायरी धरून ठेवली होती. लोकांना त्याची बोटे सोडवावी लागली.

इस्पितळातल्या डॉक्टरने पावलाची दोन बोटे काढली. ज्या दोन बोटांनी तो मला धरीत असे, तीच. पाऊल राहिले, पण डॉक्टरने सांगितले की आता या पायाकडून कामाची आशा धरू नका. धोंडूला डोलीत घालून चाळीत आणले.

मग चाळीने काय माया केली, काय सांगू! शेजारची गंगुबाई सकाळ-संध्याकाळ पेज आणून देई. कोणी तिसऱ्या-शिंपल्यांची कढी आणी, कोणी अंगारा लावून जाई. "बिचारा," असे म्हणत प्रत्येक जण बसे, आणि तो निजला की हळूच उठून जाई. धोंडूची बायको शेवंता गिरणीत रिळांच्या खात्यात कामाला होती. ती गेल्यावर दिवसभर त्याला एकटे वाटू नये म्हणून कोणी ना कोणी येई. पडलेल्या माणसाचे करायला चाळीला कधी कंटाळा आला नाही.

धोंडूचा धाकटा भाऊ रघु त्यांच्याच खोलीत राहत होता. त्याला गावाहून धोंडूनेच आणले होते आणि दिव्याचे काम शिकवले होते तेही माझ्यावरच. धोंडूनेच मुकादमाला निरोप धाडला, "मी बरा होईपर्यंत फेरी माझा भाऊ करील." म्हणून मी रघुच्या खांद्यावर गेले. रघु वाईट माणूस नव्हता. काचा नीट पुसत नसे, एवढेच. सकाळी दिवे विझवून आला की मला खोलीबाहेरच्या कठड्याला टेकवी आणि आत जाऊन झोपे. दाराआडून धोंडू माझ्याकडे पाहत पडलेला असे. कधी कधी तो उगाचच तांब्या भिरकावी. तांब्या माझ्यावर येऊन आपटे. मला त्याचा राग आला नाही.

महिने असेच गेले. जखम भरली, पण पाऊल लाकडासारखे ताठ होऊन राहिले. धोंडू भिंत धरून मोरीपर्यंत जाई आणि परत येई. बस, तेवढेच त्याचे चालणे.

शीवच्या कोळीवाड्यातली मालन लालबागला म्हावरे विकायला येत असे. तिचा नवरा जगन मुरगळलेले हातपाय बसवण्यात हुशार म्हणून नावाजलेला. शेवंताने मालनच्या पाया पडून त्याला बोलावून आणले. जगनने धोंडूचे पाऊल मांडीवर घेतले, दाबले, फिरवले. धोंडूच्या डोळ्यांत पाणी आले तरी त्याने सोडले नाही.

"पाय मेला नाय," जगन म्हणाला. "निजलाय. त्याला उठवाला लागल."

"दुखता," धोंडू म्हणाला.

"निजलेल्याला उठवला तं तो शिव्या देनारच. दुखल म्हून बसून रवलास, तं मंग बसूनच रवशील."

त्याने गरम वाळूची पुरचुंडी करून शेकायला शिकवले, करंजाचे तेल दिले आणि रोज भार टाकायला सांगितले. धोंडू तसे करू लागला. आधी दाराची चौकट धरून उभा राहायचा. मग चाळीच्या गॅलरीतून या टोकाहून त्या टोकाला जायचा. पाय घासत जायचा तो आवाज दुपारभर येई. जे लोक त्याला पेज देत होते त्यांना त्या आवाजाचा त्रास होऊ लागला. गंगुबाई म्हणाली, "अरे बस की जरा. घरात दोन माणसे कमावती आहेत. देवाने आराम दिला आहे तर घे."

त्या दुपारी रघु झोपला असताना धोंडूने मला कठड्यापासून उचलले आणि जिना उतरवून मागच्या भिंतीला लावले.

त्याचे पाऊल पुन्हा माझ्यावर पडले तेव्हा मी ते ओळखले नाही. मी खरे तेच सांगते. ते पाऊल बाजूने टेकत होते. पुढून पायरी धरायला त्यात काही उरलेच नव्हते. सवयीने त्याने उजवा पाय आधी टाकला आणि तो पाय सटकला. दुसऱ्यांदाही सटकला. तिसऱ्यांदा तो थोडा वर गेला आणि पाठीवर पडला.

आवाजाने रघु धावत आला.

"दादा, ह्या काय चालवलंस?"

"चढान बघतंय."

"मी करतंय मा फेरी. तुझो पाय गेलो. आता तेच्यापाठी जीव घालवू नको."

"फेरी माझी आसा, रघु."

दुसऱ्या दिवसापासून रघु मला सुंभाने कठड्याला बांधून झोपू लागला. भावाने पडू नये म्हणून बांधत होता, असे तो सगळ्यांना सांगे. तसेच असेल. पण गाठ फार घट्ट मारीत असे.

गिरणीला सुटी होती त्या दिवशी शेवंता कठड्याशी आली. तिने ती गाठ पाहिली. नखांनी सुटेना तेव्हा विळी आणली आणि सुंभ कापले. मला खाली नेऊन भिंतीला लावले आणि माझे दोन्ही खूर आपल्या हातांनी धरून बसली.

"तुमी चढा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी धरतंय."

"लोक बघतत."

"बघूंदेत."

त्या दिवसापासून धोंडूने नव्याने चढणे शिकायला घेतले. उजवे पाऊल आधी टाकायची सवय मोडली. आता डावा पाय आधी वर जाई. मग हातांनी अंग ओढून घेऊन उजवा पाय त्याच पायरीवर आणायचा, टाचेपुढच्या खोलगट भागात पायरी बसवायची, आणि मग पुढची पायरी. वर जाणे जमले. उतरणे फार कठीण गेले, कारण उतरताना दुखरा पाय आधी खाली सोडावा लागे. कितीदा तरी त्याचे दात एकमेकांवर वाजलेले मी ऐकले. खाली शेवंता मान वर करून बसलेली असे. "सावकाश" असे ती कधी म्हणाली नाही. नुसती धरून बसे. तेव्हाच माझ्या पायऱ्या डाव्या अंगाला झिजू लागल्या.

धोंडू चढू लागला, पण पळणे काही आले नाही. लंगडत का होईना, मला खांद्यावर घेऊन तो चाळीभोवती फिरू लागला. मग एके दिवशी धुतलेले धोतर नेसून मुकादमाकडे गेला. मी तेव्हा रघुबरोबर तिथेच होते.

"मुकादमसाहेब, मी आता फेरी करू शकतो. दिवस असतानाच निघेन. सगळे दिवे वेळेवर लागतील."

मुकादमाने त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, पायाकडे पाहिले. "धोंडू, उद्या तू पडलास तर माझ्या गळ्याशी येईल. भाऊ काम करतो आहे. बायको गिरणीत आहे. तुला कसली घाई आहे?"

रघु माझ्या शेजारी उभा होता. 'दादाला करू द्या, मी दुसरे काम बघतो,' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. तो डब्याचे बूच घट्ट करीत राहिला.

पुढच्या थंडीत मुंबईत गाठीच्या तापाची साथ आली. आधी मांडवीकडे माणसे मरतात असे ऐकू आले, मग आमच्या बाजूला. जिथे माणूस दगावला त्या दारांवर गोल खुणा दिसू लागल्या. घराघरांतून गंधकाचा धूर निघे. गोरे शिपाई घरे तपासू लागले आणि लोकांनी गाठोडी बांधली. बंदरावर बोटींना जागा मिळेना. चाळीतल्या अर्ध्या खोल्यांना कुलपे लागली. गंगुबाईही गेली.

रघुने वळकटी बांधली. "दादा, वैनी, चला गावाक. हय रवलात तर मरशाल."

धोंडू कठड्याकडे, माझ्याकडे, पाहत होता. त्याच्या मनात काय चालले होते ते मला कळले, आणि ते चांगले नव्हते. माणसे मरत होती, आणि रघु गेला की शिडी मोकळी होणार, एवढेच त्याला दिसत होते. त्याची त्यालाही लाज वाटली असावी. त्याने मान खाली घातली.

शेवंता म्हणाली, "मरण हयसर आसा, तसा थंयसरय आसा. भावजी, तुमी जावा."

रघु गेला. दोन संध्याकाळी रस्ता अंधारात राहिला. मग मुकादम स्वतः चाळीत आला. तोंडाला फडके बांधले होते. दिवेवाले सगळे पळाले होते. या दाराहून त्या दाराला जात तो धोंडूच्या दाराशी येऊन थांबला.

"तू आहेस तर," तो म्हणाला.

"मी आहेच."

"जमेल?"

"मुकादमसाहेब, तुम्हाला दिवे पेटलेले बघायचे आहेत की माझा पाय बघायचा आहे?"

मुकादमाने तेलाच्या कोठाराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, त्या साथीच्या दिवसांत धोंडूने लालबाग ते परळ सगळे दिवे लावले. माणसे नाहीत म्हणून शेवंताचे खाते बंद पडले होते. ती तेलाचा डबा घेऊन पुढे चाले आणि मागून मला खांद्यावर घेऊन धोंडू. उन्हे उतरायच्या आत ते निघत. बायकोने नवऱ्याबरोबर असे रस्त्याने काम करीत फिरणे लोकांना रुचले नसते, पण बोलायला लोक होते कुठे? ती खांबाशी माझे खूर धरी, तो चढे. एखाद्या दिवशी दोघे काहीतरी बोलून हसतही. मोकळ्या रस्त्यात तो हसण्याचा आवाज विचित्र वाटे.

एका तिन्हीसांजेला काही माणसे एक तिरडी घेऊन चालली होती. खांदे बदलायला ती आमच्या दिव्याखाली थांबली. त्यांतल्या एकाने वर पाहिले आणि धोंडूला हात जोडले. धोंडूला काय करावे ते सुचेना. त्याने त्या दिव्याची वात थोडी मोठी केली.

घरी परतेपर्यंत त्याचे पाऊल सुजून भाकरीसारखे होई. शेवंता वाळू गरम करी. तो म्हणे, "आता फेरी माझी झाली. आता कोण घेतलो?" ती म्हणे, "कोण कशाक घेतलो?" फेरी आता कोणी काढून घेणार नाही, असे दोघांना खरेच वाटत होते. मलाही वाटत होते.

पावसाळा जवळ आला तसा ताप ओसरला. बोटी भरभरून माणसे परत आली. गिरण्यांचे भोंगे पुन्हा पूर्वीसारखे झाले. ठेकेदार आपल्या बग्गीतून दिवे पाहायला निघाला. साथीत तो खंडाळ्याला होता. बग्गी आमच्या खांबाशी थांबली तेव्हा धोंडू माझ्या वरच्या पायरीवर उभा राहून काच पुसत होता. तो उतरू लागला. आधी दुखरा पाय, मग हात, मग डावा पाय.

"हा कोण?" ठेकेदाराने विचारले.

"बदली आहे, साहेब," मुकादम म्हणाला. "माणसे नव्हती म्हणून."

"आता आली ना माणसे? मग रस्त्यात हे सोंग कशाला?"

धोंडू मधल्या पायरीवर होता. तिथून त्याने सगळे ऐकले. त्याचा उजवा पाय कापू लागला तो मला कळला. इतक्या महिन्यांत तो पाय माझ्यावर कधी कापला नव्हता. बग्गी निघून गेली तरी बराच वेळ तो तिथेच उभा राहिला. शेवटी खालून शेवंता म्हणाली, "उतरा. अजून दिवे रवलेत."

आठवड्याच्या आत रघु मला न्यायला आला. गावाहून तो चांगला भरून आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "दादा, मुकादमान सांगल्यान."

"तू तेका काय सांगलंस?"

"मी काय सांगतलंय?"

शेवंता दारात आली. तिचा आवाज चढला नाही. "भावजी, तुमी गावाक पळालात तेव्हा ह्यांचो पाय चालत होतो. आता तुमी इलात, नि तो लंगडो झालो?"

रघुने मला उचलले. त्याच दिवशी तो दुसऱ्या खोलीत राहायला गेला आणि मीही गेले. चाळीतली माणसे पुन्हा धोंडूकडे येऊन बसू लागली. पुन्हा "बिचारा" म्हणू लागली. गंगुबाईने पेज आणली. शेवंताने ती दारातूनच परत केली.

यापुढचे मी खांबाला टेकून लांबून पाहिले आहे. साथीनंतर घरे आतून-बाहेरून चुन्याने रंगवून घ्यायचे काम निघाले होते. त्या कामाला चढणारी माणसे हवी होती, आणि तिथला मुकादम पायाकडे पाहत नव्हता, चुना किती चढला ते पाहत होता. धोंडू तिथे लागला. त्याला स्वतःची शिडी हवी होती. तो लंगडत रे रोडच्या वखारीपर्यंत गेला आणि दोन बांबू खांद्यावर टाकून चालत परत आला. चाळीच्या मागे बसून त्याने स्वतः शिडी बांधली. ती पूर्ण झाल्यावर मी पाहिली. तिच्या पायऱ्या माझ्यापेक्षा जवळजवळ होत्या. दुखरे पाऊल फार उंच उचलावे लागू नये, म्हणून. पायऱ्याही रुंद होत्या, पाऊल आडवे टेकेल अशा.

मला हेवा वाटला. मी कोणाच्याही पायासाठी केलेली शिडी. ती एकट्या त्याच्या पायासाठी केलेली. भिंतीवर तो भराभर चढे आणि उतरे. धड माणसाला जमणार नाही अशा कोनात उभा राहून चुना मारी. तो कामाचा माणूस झाला होता, मित्रांनो. हसरा मात्र पुन्हा झाला नाही. मी टेकलेल्या खांबावरून जाताना तो मान दुसरीकडे वळवी.

पुढच्या थंडीत ताप परत आला. रघुने या वेळी कोणालाही सांगितले नाही. संध्याकाळची फेरी अर्धवट टाकून, मला वळणावरच्या खांबाला टेकलेली सोडून, तो बंदराकडे गेला. मी तिथेच राहिले. रात्री दव पडे, दिवसा ऊन. माझ्या पायऱ्या ढिल्या झाल्या, एका बांबूला चीर गेली.

मुकादम धोंडूला शोधत चुन्याच्या कामावर आला. त्या वळणासमोरच काम चालू होते, म्हणून मी सगळे ऐकले.

"धोंडू, चल. फेरी घे."

धोंडूने कुंचला खाली केला नाही. "मी कामावर आहे."

"रस्ता काळोखात आहे."

"ठाऊक आहे. मी त्याच रस्त्याने घरी जातो."

"या वेळी कायमचे ठेवून घेऊ. मी ठेकेदारसाहेबांशी बोलतो."

"गेल्या वर्षी मी शिडीवर होतो आणि तुम्ही खाली होता," धोंडू म्हणाला. "तेव्हा बोलायला हवे होते."

मुकादम निघून गेला. धोंडूने ती भिंत पूर्ण केली. त्याला आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटते का? मी त्याचे पाय पाहत होते. बराच वेळ ते त्याच एका पायरीवर होते.

त्या संध्याकाळी शेवंता गिरणीतून आली आणि दोघे बरोबर घरी निघाले. रस्ता काळा पडत चालला होता. एका बाईला ठेच लागून घागर फुटल्याचा आवाज आला. माझ्या खांबाशी धोंडू थांबला. त्याने वर, काजळलेल्या काचेकडे पाहिले.

"पेटवतलात काय?" शेवंताने विचारले.

धोंडू म्हणाला, "शिडी आसा, पाय आसा, हात आसत. तेल तेवढा ठेकेदाराकडे."

त्याने माझ्या चिरेवरून हात फिरवला. आपली शिडी त्याने शेवंताच्या खांद्यावर दिली आणि मला उचलले. त्या अंधारात लंगडत लंगडत त्याने मला चाळीपर्यंत आणले आणि मागे, जिथे दव पडत नाही तिथे, भिंतीशी आडवे ठेवले. त्यानंतर तो माझ्यावर कधी चढला नाही. ठेकेदाराने नवी माणसे आणली, नव्या शिड्या आणल्या. मला विचारायला कोणी आले नाही. रघु परतल्यावर गिरणीत लागला. दोघे भाऊ एकाच नळावर पाणी भरतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

मित्रांनो, मला रंग लावा, माझी चीर बांधा, असे मी मागत नाही. माझे दिवस झाले. माझे एवढेच म्हणणे आहे. तुमच्या घरात कोणी पडला तर तुम्ही त्याचे कराल, ते मला ठाऊक आहे. पेज द्याल, तेल चोळाल, उशाशी बसाल. माणसे ते नेहमीच करतात. पण तो भिंत धरून उभा राहू लागला, की त्याची जागा कोणीतरी घेतलेली असते, आणि ती घेणाऱ्याला आवडू लागलेली असते. ती जागा तुम्हीच घेतलेली असेल तर उठा. त्याने मागायच्या आधी उठा. जड जाईल. उठणे सगळ्यांनाच जड जाते. धोंडूला उठणे किती जड गेले, ते मी तुम्हाला आत्ताच सांगितले.